एनपी, व्हीपी, एस: लघुरूपे उलगडून वाचण्याची वाट

औपचारिक वाक्यविन्यासाचे पुस्तक पहिल्यांदा उघडणाऱ्याला एक गंमत लवकरच दिसते. पहिल्या प्रकरणात लेखक बजावून सांगतो की एनपी (नामपदबंध), व्हीपी (क्रियापदबंध), एस (वाक्य) ही नावे या सिद्धांतात मूलभूत नाहीत, व्याकरणाचा सगळा माल फीचर स्ट्रक्चरमध्ये आहे. पुढच्या प्रकरणापासून तोच लेखक पानोपानी एनपी, व्हीपी, एस लिहीत सुटतो. यात लबाडी नाही. पूर्ण फीचर स्ट्रक्चर छापायचे तर एका लहान वाक्याला अख्खे पान लागते, म्हणून लघुरूपे. अडचण वाचणाऱ्याची होते. वाक्याचे भाग फांद्यांसारखे दाखवणारी झाडांची चित्रे त्याने आधी कुठेतरी पाहिलेली असतात, त्यामुळे एनपी दिसले की तो जुन्याच अर्थाने वाचतो आणि पुढे युक्तिवाद हातातून निसटतो.

हे मार्गदर्शन त्या वाचकासाठी आहे. भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला असलेले, संगणकीय भाषाविज्ञानाकडे वळलेले अभियंते, किंवा मराठी व्याकरणाची आवड असलेले कोणीही. शाळेतले कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग आठवत असतील तर अर्धे काम झालेलेच आहे.

पायरी पहिली: फीचर स्ट्रक्चर म्हणजे किती?

फार खोलात जायची गरज नाही. फीचर स्ट्रक्चर म्हणजे गुणांची नावे आणि त्यांच्या किमती. लिंग: स्त्री, वचन: एक, अशा जोड्या चौकटी कंसात एकाखाली एक लिहायच्या. किंमत साधी असू शकते, किंवा तिच्या पोटात आणखी एक असाच कंस असू शकतो, किंवा ती यादी असू शकते. यादी टोकदार कंसात लिहितात आणि रिकामी यादी ⟨ ⟩ अशी. एवढ्यावर निभावते.

दोन क्रिया मात्र पक्क्या हव्यात. पहिली एकीकरण: दोन वर्णने एकमेकांना छेद देत नसतील तर त्यांची माहिती एकत्र करायची. [लिंग: स्त्री] आणि [वचन: एक] यांचे एकीकरण होते, [लिंग: स्त्री] आणि [लिंग: पु.] यांचे होत नाही. दुसरी क्रिया समावेश: एक वर्णन दुसऱ्याहून सैल आहे का, म्हणजे दुसऱ्यात असलेल्या माहितीचाच काही भाग पहिल्यात आहे का, हे पाहायचे. या दोहोंतला फरक आत्ता फुटकळ वाटेल. चौथ्या पायरीवर त्याचा उपयोग होईल.

पायरी दुसरी: कोणत्या घराण्यातले लघुरूप आहे ते आधी पाहा

एनपी हे तीन अक्षरी नाव सगळीकडे तेच दिसते, पण ते उलगडले की प्रत्येक घराण्यात वेगळे काही निघते. म्हणून लेख वाचायला घेतला की आधी त्याचे घराणे ओळखावे. नवख्यांना वेळ वाया गेल्यासारखे वाटते, पण नंतरचे कितीतरी गैरसमज इथेच टळतात.

१९८५ मध्ये जेराल्ड गॅझडार, युअन क्लाइन, जेफ्री पुलम आणि आयव्हन सॅग यांनी मांडलेल्या जीपीएसजी (जनरलाइज्ड फ्रेज स्ट्रक्चर ग्रामर) या व्याकरणात शब्दजाती दोन अधिक-उणे गुणांवर उभ्या आहेत. नाम म्हणजे एन अधिक आणि व्ही उणे, क्रियापद त्याच्या उलट, विशेषणाला दोन्ही अधिक, शब्दयोगी अव्ययाच्या जातीला दोन्ही उणे. त्यात बार नावाचा गुण पातळी सांगतो. त्यामुळे तिथे

एनपी = [एन: +, व्ही: −, बार: २]

एवढेच. व्हीपी आणि एस दोन्ही क्रियापदाच्याच बार २ पातळीवरचे, फरक फक्त सब्ज (कर्ता) या गुणाचा: एसला अधिक, व्हीपीला उणे. वाक्य हे क्रियापदाचेच थोरले रूप आहे ही कल्पना इथे स्वच्छ दिसते. याच व्याकरणात सबकॅट या गुणाची किंमत एक आकडा असतो, आणि तो आकडा नवख्यांना हमखास फसवतो. सबकॅट २ म्हणजे दोन पूरके (क्रियापदाला लागणारी कर्मासारखी पदे) असा अर्थ लागत नाही. कोणता शब्द कोणत्या नियमात बसायचा याची ती नुसती खूणचिठ्ठी आहे.

पुढे कार्ल पोलार्ड आणि आयव्हन सॅग यांनी एचपीएसजी (हेड-ड्रिव्हन फ्रेज स्ट्रक्चर ग्रामर) उभारले. त्यांच्या १९९४ च्या पुस्तकात बार गुण गेला आणि सबकॅट ही यादी झाली: शब्दाला अजून काय काय हवे आहे त्याची यादी. एकेक गरज भागली की यादीतले एकेक नाव कमी होते. म्हणून तिथे

एनपी = [हेड: नाम, सबकॅट: ⟨ ⟩]
व्हीपी = [हेड: क्रियापद, सबकॅट: ⟨क्ष⟩]
एस = [हेड: क्रियापद, सबकॅट: ⟨ ⟩]

हेड म्हणजे पदबंधातल्या मुख्य शब्दाची जात आणि गुण. क्ष म्हणजे काहीतरी एक, अजून न मिळालेले. व्हीपीच्या बाबतीत कर्ता. याच पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात ही एक यादी मोडून कर्ता, विशेषक (नामाआधी येणारा 'द' सारखा शब्द) आणि पूरके यांच्या वेगळ्या याद्या केल्या आहेत. म्हणजे एकाच पुस्तकात व्हीपीची दोन उलगडणी सापडतात. पान कोणते ते पाहून वाचावे.

आज विद्यापीठांत जे पाठ्यपुस्तक बरेचदा हाती पडते ते सॅग, टॉमस वासो आणि एमिली बेंडर यांचे, दुसरी आवृत्ती २००३ ची. त्यात एसपीआर (विशेषक) आणि कॉम्प्स (पूरके) अशा दोन याद्या आहेत. कर्ताही एसपीआरमध्येच जातो. पुढचे सगळे मी याच पद्धतीने लिहिणार आहे, कारण सुरुवातीला ती सर्वांत सोपी जाते.

पायरी तिसरी: कोष्टक स्वतःच्या हाताने लिहा

वाचून सोडू नका, वहीत उतरवा.

एनपी = [हेड: नाम, एसपीआर: ⟨ ⟩, कॉम्प्स: ⟨ ⟩]
नॉम = [हेड: नाम, एसपीआर: ⟨क्ष⟩, कॉम्प्स: ⟨ ⟩]
व्हीपी = [हेड: क्रियापद, एसपीआर: ⟨क्ष⟩, कॉम्प्स: ⟨ ⟩]
एस = [हेड: क्रियापद, एसपीआर: ⟨ ⟩, कॉम्प्स: ⟨ ⟩]
व्ही = [शब्द, हेड: क्रियापद]

नॉम म्हणजे निर्देशक अजून न मिळालेला नामाचा तुकडा. आता या ओळी आडव्या न वाचता उभ्या वाचा. एनपी आणि एस यांच्यात हेड सोडले तर काहीच फरक नाही; दोघांच्याही गरजा पूर्ण भागलेल्या. नॉम आणि व्हीपी यांचे नातेही तसेच, दोघांना एकेक गोष्ट हवी आहे. जुन्या झाडांत ही नाती अक्षरांच्या आड लपलेली असायची. म्हणूनच लघुरूप वाचताना हे कोणत्या जातीचे आहे याबरोबर त्याला अजून काय हवे आहे हेही विचारायची सवय लावावी.

आणखी एक बारीक गोष्ट. व्हीच्या ओळीत शब्द असे म्हटले आहे, एनपीच्या ओळीत शब्द की पदबंध याबद्दल अवाक्षर नाही. ते मुद्दाम आहे. 'ती' हे एकटे सर्वनाम आणि 'शेजारच्या वाड्यातली ती मुलगी' हा लांबलचक पदबंध, दोन्ही एनपीच. सर्वनामाला पदबंध ठरवण्यासाठी त्याच्या डोक्यावर एकशाखी मजले चढवायची गरज राहत नाही.

डीपी या लघुरूपापाशी थोडे थांबावे लागते. या पाठ्यपुस्तकात डीपी म्हणजे इंग्रजीतल्या 'द' किंवा 'एव्हरी' यांसारख्या निर्देशकाचा पूर्ण झालेला पदबंध, म्हणजे नामाच्या आधी येणारा छोटा तुकडा. स्टीव्हन अ‍ॅबनी यांच्या १९८७ च्या प्रबंधानंतर चॉम्स्कीच्या परंपरेत मात्र डीपी म्हणजे निर्देशकासकट सगळा नामपदबंध. एकाच दिवशी दोन्हींकडचे लेख वाचणाऱ्याची यात हमखास दिशाभूल होते. पाठ्यपुस्तकाचा डीपी त्याच्याच एनपीच्या पोटात बसतो, तर चॉम्स्कीच्या परंपरेतला डीपी त्या एनपीएवढा असतो.

पायरी चौथी: न लिहिलेले आणि रिकामे

माझ्या मते सगळ्या विषयाची नाडी इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

कॉम्प्स: ⟨ ⟩ असे लिहिले तर 'पूरकांची गरज उरलेली नाही' हे ठाम विधान झाले. कॉम्प्सचा उल्लेखच केला नाही तर त्याबद्दल काहीही म्हटलेले नाही. ती यादी रिकामी असेल, नसेल. कागदावर दोन्ही ठिकाणी पांढरी जागाच दिसते आणि घोळ तिथून सुरू होतो.

इंग्रजीचे उदाहरण घ्या. 'रीड्स' या क्रियापदाच्या कॉम्प्समध्ये एनपी लिहिण्याऐवजी आळसाने नुसते [हेड: नाम] लिहिले असे समजा. हे वर्णन एनपीला चालते, नॉमलाही चालते आणि सुट्या नामालाही. मग हे व्याकरण 'शी रीड्स द बुक' बरोबरच 'शी रीड्स बुक' हेही बरोबर ठरवते, कारण 'बुक' ला अजून निर्देशक हवा आहे की नाही हे क्रियापदाने विचारलेच नाही. एनपी या लघुरूपातली रिकामी एसपीआर यादी हीच चौकशी करत असते.

आता तेच मराठीत करून पाहा. 'ती पुस्तक वाचते' हे निखालस मराठी वाक्य आहे. मराठी नामाला इंग्रजीसारखा अनिवार्य निर्देशक लागत नाही. म्हणजे इंग्रजी पाठ्यपुस्तकातली 'बुक' ची शब्दनोंद, जिच्या एसपीआरमध्ये डीपी आहे, तिचे भाषांतर करून 'पुस्तक' ला चिकटवली तर आपले व्याकरण धडधडीत बरोबर वाक्य नाकारील. मराठी 'पुस्तक' ची एसपीआर यादी रिकामीच ठेवावी. 'हे पुस्तक' मधल्या 'हे' चे काय? हा, ही, हे अशी ती रूपे नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात, विशेषणासारखी वागतात. मी तरी त्यांना विशेषणासारखे वरून जोडायच्या बाजूचा आहे. दुसरे कोणी एसपीआरमध्ये वैकल्पिक जागा ठेवतील. दोन्हींत एनपीचे लघुरूप तेच राहते, पण शब्दकोशातल्या नोंदी बदलतात आणि नॉमला मराठीत काम उरते की नाही हा प्रश्न उभा राहतो.

तपासणीची रीत अशी. झाडातल्या गाठीवर (जिथे फांद्या फुटतात त्या जागी) एनपी हे नाव लावायचे असेल तर समावेश पाहावा: गाठीच्या फीचर स्ट्रक्चरमध्ये एनपीच्या वर्णनातली सगळी माहिती आधीपासून आहे का? क्रियापदाच्या मागणीत एनपी असेल आणि तिथे काही बसवायचे असेल तर एकीकरण पाहावे: दोन्हींत भांडण तर होत नाही ना? पहिल्या कामासाठी एकीकरण वापरले तर अर्धवट माहितीची गाठही एनपी म्हणून खपून जाते.

पायरी पाचवी: चौकटी कंसातली जोड

एनपी[प्रथमा], व्हीपी[कृदंत], एस[आख्यात] असे लिहिण्याची पद्धत सगळीकडे आहे. अर्थ सरळ वाटतो: लघुरूपाची उलगडणी घ्या आणि कंसातली माहिती तिच्यात मिसळा. लपलेली गोष्ट एवढीच की ती माहिती नेमकी कुठे मिसळायची याचा मार्ग कंस सांगत नाही. विभक्ती बहुतेक ठिकाणी हेडच्या पोटात असते. पुरुष, लिंग, वचन मात्र १९९४ च्या मांडणीत अर्थाच्या बाजूला, इंडेक्समध्ये (पदबंध कोणाबद्दल आहे त्याची खूण) आहेत. २००३ च्या पाठ्यपुस्तकात ते हेडच्या पोटातल्या एजीआर (जुळणी) या गुणात आहेत. एनपी[स्त्री.] असे लिहिणारे दोन लेखक दोन वेगळ्या कप्प्यांबद्दल बोलत असतील.

मराठी क्रियापदांवर हे आजमावून पाहू, म्हणजे कंसाची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतील. कर्तरी प्रयोगातले 'वाचतो' घ्या:

वाचतो = [शब्द, हेड: क्रियापद, एसपीआर: ⟨एनपी[प्रथमा, ३ पु., पु., एक.]⟩, कॉम्प्स: ⟨एनपी⟩]

इथे '३ पु.' म्हणजे तृतीय पुरुष आणि नुसते 'पु.' म्हणजे पुल्लिंग. अशी संक्षेपांची टक्कर आपल्याच कोष्टकात होते, म्हणून खरे लिहिताना 'पुल्लिं.' लिहावे. बाकी 'आम्ही वाचतो' यासाठी नोंद वेगळी करावी लागेल.

'वाचते' अधिक रंजक आहे. 'मुलगी वाचते' चालते, लेखी प्रमाण मराठीत 'मूल वाचते' ही चालते. म्हणून लिंगाची जागा मोकळी सोडावी असा मोह होतो. सोडून पाहा: न लिहिलेले म्हणजे काहीही चालेल, आणि 'मुलगा वाचते' आत शिरते. दोन नोंदी करा, किंवा लिंगाच्या किमतींची उतरंड लावून स्त्री आणि नपुंसक यांच्या वर 'पुल्लिंगेतर' अशी एक सामायिक किंमत ठेवा. एचपीएसजीत किमतींना अशी उतरंड असतेच, त्यामुळे दुसरा मार्ग मला नीटस वाटतो. बोलीतले 'मूल वाचतं' वेगळे रूप असल्यामुळे तिथे हा पेच पडत नाही.

आता कर्मणी:

वाचली = [शब्द, हेड: क्रियापद, एसपीआर: ⟨एनपी[तृतीया]⟩, कॉम्प्स: ⟨एनपी[प्रथमा, स्त्री., एक.]⟩]

'मुलाने पोथी वाचली', 'मुलाने ग्रंथ वाचला', 'मुलाने पुस्तक वाचले'. क्रियापदाच्या लिंग-वचनाची सांगड कॉम्प्समधल्या एनपीशी आहे. इथे तृतीया लिहिताना एक काळजी घ्या. 'मी पोथी वाचली' यात 'मी' ला 'ने' दिसत नाही, तरीही क्रियापद कर्मामागेच चालते. म्हणजे कंसात [ने] असे प्रत्ययाचे रूप लिहिले तर 'मी' बाहेर राहील. तृतीया ही अमूर्त किंमत लिहिली आणि 'मी' या शब्दाच्या नोंदीत प्रथमा आणि तृतीया दोन्हींना वाट ठेवली तर काम भागते. जुन्या मराठीतले 'म्यां' आठवले तर ही किंमत हवेतून काढलेली नाही हेही पटते.

भावे प्रयोगात 'रामाने रावणाला मारले': एसपीआरमध्ये एनपी[तृतीया], कॉम्प्समध्ये एनपी[द्वितीया], आणि क्रियापद कोणाशीच न जुळता नपुंसक एकवचनात. शाळेत तीन प्रयोगांच्या तीन व्याख्या पाठ करून घेतल्या जातात; इथे त्याच तीन प्रकारच्या शब्दनोंदी होतात आणि फरक फक्त दोन एनपींच्या पुढच्या कंसात उरतो. लघुरूपाची खरी कमाई ही.

पण मग 'तू पोथी वाचलीस' येते. त्यातली 'ली' पोथीची, 'स' तुझी. क्रियापद एकाच वेळी कर्माच्या लिंग-वचनाशी आणि कर्त्याच्या पुरुषाशी जुळलेले. क्रियापदाच्या हेडमध्ये एजीआर नावाचा एकच कप्पा ठेवून ही दोन नाती मांडता येत नाहीत. दोन कप्पे हवेत, किंवा 'स' चा वेगळा विचार हवा. एनपी[२ पु.] असे नुसते लिहून पुढे गेलात तर हा पेच तुमच्या वाचकाला दिसणारच नाही. युक्तिवाद ज्या कप्प्यावर उभा आहे तो कप्पा लघुरूपात झाकू नये, तिथे पूर्ण कंस उघडून दाखवावा.

पायरी सहावी: पायाशी लागलेले आणि मागून आलेले चिन्ह

एनपीच्या पायाशी बारीक आय किंवा चौकटीतला आकडा दिसला तर तो त्या एनपीच्या इंडेक्सचे नाव आहे. दोन ठिकाणी तोच आकडा असेल तर दोन्हींची किंमत तीच एक, नुसती सारखी नव्हे. 'वाचतो' च्या नोंदीत कर्त्याच्या एनपीला क आणि अर्थाच्या भागात वाचणाऱ्याच्या जागी क, असे जोडले की कोण वाचतो हे ठरले. विसर्गासारखे दोन ठिपके देऊन मग आकडा असेल, जसे व्हीपी:१, तर १९९४ च्या रिवाजाप्रमाणे तो आकडा त्या व्हीपीच्या संपूर्ण अर्थाचा. इंडेक्स आणि अर्थ या दोन वेगळ्या चीजा आहेत, म्हणून पायाशी आणि ठिपक्यांनंतर अशा दोन वेगळ्या जागा.

तिरक्या रेघेचा घोळ याहून मोठा. जीपीएसजीत एस/एनपी म्हणजे ज्याच्या पोटात कुठेतरी एक एनपी गायब आहे असे वाक्य. इंग्रजीत 'हू डू यू लाइक' मधल्या 'लाइक' नंतरची मोकळी जागा आठवा. 'हू' नंतरचा सगळा भाग तसा. एचपीएसजीत हाच विचार स्लॅश नावाच्या गुणात गेला, २००३ च्या पाठ्यपुस्तकात त्याला गॅप म्हणतात. प्रवर्ग व्याकरणात (कॅटेगोरियल ग्रामर) मात्र एस/एनपी म्हणजे उजवीकडे एनपी मिळाले की वाक्य होणारा घटक. रेघ उलटी झाली की दिशा डावीकडची. एस\एनपी हे तिथे व्हीपीचे काम करते. त्यातही योआकिम लाम्बेक यांची १९५८ पासूनची पद्धत हेच एनपी\एस असे लिहिते आणि मार्क स्टीडमन यांची पद्धत निकाल नेहमी डावीकडे ठेवते. रेघ दिसली की आधी लेखाची पहिली दोन पाने चाळा, अर्थ लावायला नंतर बसा.

तुटक उल्लेखाचे दुःख जुनेच आहे. पाणिनीचे प्रत्याहार ही आपल्याकडची अशीच शिस्त: अच् म्हटले की सगळे स्वर, हल् म्हटले की व्यंजने, सुप् म्हटले की नामांना लागणारे विभक्तिप्रत्यय. पण वर्णांची यादी देणाऱ्या शिवसूत्रांत ण् ही खूण दोनदा येते, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि 'लण्' मध्ये. त्यामुळे अण् म्हणजे पहिल्या ण् पर्यंत की दुसऱ्या, हा प्रश्न उभा राहिला. परंपरेने एक सूत्र सोडून सर्वत्र पहिला ण् घ्यायचा आणि इण् मध्ये मात्र नेहमी दुसरा, असा निर्णय दिला आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या चर्चा झाली. त्यामानाने तिरकी रेघ अजून तरुण आहे.

पायरी सातवी: यादीतला एनपी आणि झाडावरचा एनपी

हा भाग तांत्रिक आहे. पहिल्या वाचनात नाही कळला तरी चालेल. १९९४ च्या एचपीएसजीत भाषिक चिन्हाचे मुख्य भाग असे: उच्चाराचा फॉन, वाक्यरचना आणि अर्थ यांचा सिनसेम, आणि पदबंध असेल तर त्याच्या आतल्या रचनेचा डॉटर्स. हेडपर्यंत पोचायला सिनसेम, लोकल, कॅटेगरी, हेड अशी वाट चालावी लागते. क्रियापदाच्या सबकॅट यादीत पूर्ण चिन्हे नसतात, फक्त सिनसेम असतात. कारण क्रियापदाने आपल्या कर्माच्या उच्चाराबद्दल किंवा त्याच्या आतल्या रचनेबद्दल अट घालू नये असा त्यामागचा विचार आहे. परिणाम असा की यादीत लिहिलेला एनपी हा सिनसेम आहे आणि झाडाच्या गाठीवर लिहिलेला एनपी हे चिन्ह आहे. अक्षरे तीच, वस्तू वेगळ्या. २००३ च्या पाठ्यपुस्तकाने हा भेद गाळून यादीत पूर्ण घटकच ठेवले आहेत, म्हणून नवख्याला ते सोपे जाते आणि मग १९९४ कडे वळताना ठेच लागते.

'दॅट' ने सुरू होणाऱ्या इंग्रजी उपवाक्याचेही असेच. १९९४ मध्ये त्याचे हेड क्रियापदच राहते आणि 'दॅट' ची नोंद मार्किंग या वेगळ्या गुणात होते. २००३ मध्ये त्याला सीपी ('दॅट' सारख्या जोडशब्दाचा पदबंध) म्हणतात आणि हेड 'दॅट' चे. मराठीतल्या 'की' वर काही लिहायचे असेल तर यांतली कोणती वाट धरली ते आधी सांगावे, कारण 'ती म्हणाली की तो येईल' मधला 'की' उच्चारात कधी कधी आधीच्या क्रियापदाला चिकटतो आणि ठरवणे सोपे नाही.

पायरी आठवी: संगणकावर पडताळून पाहा

कागदावर लघुरूप चुकले तर कोणी टोकत नाही, संगणक टोकतो. अ‍ॅन कोपस्टेक यांच्या नावाशी जोडलेली एलकेबी ही मोकळी प्रणाली यासाठी चांगली. तिथे व्याकरण टीडीएल या वर्णनभाषेत लिहायचे. नियमांत आणि नोंदीत पूर्ण प्रकार आणि गुण लिहावे लागतात. झाड दाखवताना मात्र गाठींवर एस, एनपी, व्हीपी दिसतात, कारण साच्यांची एक वेगळी फाइल असते आणि गाठीचे फीचर स्ट्रक्चर ज्या साच्याशी जुळते त्याचे नाव तिथे छापले जाते. नाव हा फक्त पाहणाऱ्यासाठीचा शिक्का असून व्याकरण त्यावाचून चालते, हे यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही. साच्यांची फाइल रिकामी केली तरी वाक्यांचे विश्लेषण तेच राहते, फक्त झाडे वाचता येत नाहीत.

शून्यापासून सुरू करायचे नसेल तर वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बेंडर यांच्या गटाचा ग्रामर मॅट्रिक्स प्रकल्प पाहा. तुमच्या भाषेतला शब्दक्रम, विभक्ती, जुळणी यांवरची प्रश्नावली भरली की त्यावरून छोटे चालणारे व्याकरण तयार होऊन मिळते. मराठीसाठी भरताना शब्दक्रमाशी कर्ता-कर्म-क्रियापद निवडणे सोपे. जुळणीच्या प्रश्नांशी आलात की पाचव्या पायरीवरचे 'वाचलीस' पुन्हा समोर उभे राहील.

मिळालेल्या व्याकरणात पहिला सराव असा करावा. 'मुलगी पुस्तक वाचते' द्या, झाड आले की प्रत्येक गाठीवर टिचकी मारून पूर्ण फीचर स्ट्रक्चर उघडा आणि वहीतल्या कोष्टकाशी ताडून पाहा. मग 'मुलगा पुस्तक वाचते' द्या. झाड आले तर लिंगाची जागा कुठेतरी मोकळी राहिली आहे; ती शोधून भरा. त्यानंतर 'मी पोथी वाचली' आणि 'मी पोथी वाचलो' ही जोडी. पहिले स्वीकारून दुसरे नाकारायला लावण्यात एक संध्याकाळ सहज जाते.

स्वतः लिहायला बसाल तेव्हा लेखाच्या सुरुवातीलाच चार ओळींचे कोष्टक द्या: तुमचा एनपी, व्हीपी, एस कसा उलगडतो आणि कंसातले गुण कोणत्या कप्प्यात जातात. नवे लघुरूप बनवायचा मोह झाला तर ते लेखात किती वेळा येणार आहे ते मोजा. दोनदाच येणार असेल तर पूर्ण कंस लिहिणे स्वस्त पडते.